गोठ्यावरचा सेन्सर आणि रंगमंचावरचा अंधार

मे महिना लागला की माझ्या दुकानात एक तक्रार हटकून येते. "भाऊ, गोठ्यावर लावून देल्ला तो सेन्सरचा दिवा बिघडला. सांजीले माणूस खालून गेला तरी लागत नाही, अन् अर्ध्या रात्री मांजर गेली तरी भक्कन लागते." तक्रार घेऊन येणारे बहुतेक जंगलाला लागून असलेल्या गावांतले शेतकरी. दिवा काढूनच आणतात. मी तो टेबलावर जोडतो, समोरून हात फिरवतो आणि कूलरच्या हवेत तो पहिल्याच वेळी लागतो. समोरच्याचा चेहरा उतरतो. आपण उगाच एवढ्या दुरून आलो असं त्याला वाटतं.

पण त्याचं म्हणणं खरं असतं. ब्रम्हपुरी हा आमचा भाग उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात जास्त तापणाऱ्या ठिकाणांपैकी एक. पारा ४६-४७ अंशांवर जातो हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. अशा उन्हाळ्यात हा सेन्सर आंधळा होण्याची एक ठरावीक वेळ असते आणि ती नेमकी सांजेला येते. हे एकदा नीट लिहून काढायचं कधीपासून मनात होतं. मी रिपेअरिंगचं दुकान चालवतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत लाईटवर बसतो. इन्फ्रारेडने, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी, या दोन्ही ठिकाणी माझं काम बदलून टाकलं, म्हणून थोडं सविस्तरच लिहितो.

गोठ्यावरच्या दिव्यात असतो तो पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर. तो स्वतः कुठलाच किरण सोडत नाही, फक्त घेतो. कुठलीही वस्तू, मग ती भिंत असो, बैल असो की आपण, आपल्या तापमानाप्रमाणे उष्णतेचे किरण बाहेर टाकतच असते. माणसाची कातडी साधारण ३४ अंशांवर असते आणि तिच्यातून निघणाऱ्या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर लांबीच्या लहरींवर असतो. डोळ्याला दिसणारा लाल प्रकाश ०.७ मायक्रोमीटरच्या आसपास संपतो, म्हणजे हे किरण त्याच्या कितीतरी पलीकडचे. सेन्सरच्या गोल धातूच्या डबीवर जी छोटी चौकोनी खिडकी असते ती साधारण ५ ते १४ मायक्रोमीटरच्याच लहरी आत सोडते. उरलेलं सगळं बाहेर.

आत असतो एक खास स्फटिक किंवा सिरॅमिकचा तुकडा. त्याचं तापमान बदललं की त्याच्या दोन बाजूंवर विजेचा भार जमा होतो. हा गुण माणसाला फार आधी दिसला होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून टूर्मलिनचे खडे युरोपात नेले, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे खडे तापवले की राख ओढून घेतात. १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी हे नाव दिलं. राख ओढणारा तो खडा आणि आज आपल्या गोठ्यावर बसलेला सेन्सर, दोघांचं तत्त्व एकच.

यातली खरी गोम अशी की भार तयार होतो तो तापमान *बदलत असताना*. तापमान जिथल्या तिथे राहिलं तर काहीच नाही. शिवाय डबीत असे दोन तुकडे असतात आणि ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. ऊन वाढलं, हवा तापली, तर दोन्ही सारखेच तापतात आणि हिशेब शून्य होतो. पण माणूस आडवा चालत गेला की त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. काटा एकदा इकडे, एकदा तिकडे हलतो आणि दिवा लागतो. वरची पांढरी घुमटी म्हणजे नुसतं झाकण नव्हे. तिच्यावर बारीक बारीक भिंगं कोरलेली असतात. फ्रान्सच्या फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी जी चपटी भिंगं १८२०च्या दशकात बनवली, त्याच जातीची. अंगणाचे ती पट्टे पाडते, म्हणजे माणूस थोडा जरी सरकला तरी एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो.

आता मे महिन्याची सांज घ्या. दिवसभर तापलेली मातीची भिंत, गोठ्यासमोरची जमीन हळूहळू निवत असते. दुपारी ती माणसापेक्षा कितीतरी गरम असते, पहाटे माणसापेक्षा थंड. मधे कधीतरी, दिवेलागणीनंतर, असा तास-दीड तास येतो की भिंत ३५-३६ अंशांवर आणि माणसाची घामेजलेली कातडीही ३५-३६ अंशांवर. माणूस समोरून गेला काय अन् न गेला काय, सेन्सरपुढे फरकच उरत नाही. या सेन्सरला माणूस कळत नाही, त्याला मागचा आणि पुढचा यांतला फरक कळतो. फरक मिटला की तो गप्प. मध्यरात्री जमीन निवली की मांजरीची ऊबही त्याला ठळक लागते. म्हणून मी लोकांना सांगतो, उन्हाळ्यात सांजेला साधं बटण दाबून दिवा लावा, सेन्सरच्या भरवशावर राहू नका.

बसवायची जागाही इथूनच ठरते. लोक दिवा अशा ठिकाणी लावायला सांगतात की येणारा सरळ त्याच्यासमोर येईल. सरळ येणारा माणूस पट्टे ओलांडतच नाही, म्हणून तो फार उशिरा कळतो. वाट आडवी जाईल अशा बाजूच्या खांबावर लावला की तोच सेन्सर लांबून पकडतो. त्याच्यासमोर टिनाचा पत्रा, चूल, कूलरचं तोंड नको. वाऱ्याने हलणारी आणि उन्हात तापलेली फांदीही नको.

एका काकांनी पावसात भिजू नये म्हणून सेन्सरवर लोणच्याची काचेची बरणी उलटी बसवली होती. अगदी नेटकं काम, तारेने छान आवळलेलं. त्या दिवसापासून दिवा लागणं बंद. काच आपल्या डोळ्यांना आरपार आहे, पण उष्णतेच्या या लांब लहरींना ती भिंत आहे. मी बरणी काढून त्या जागी पातळ काळी पन्नी बांधली आणि काकांना समोरून जायला सांगितलं. दिवा लागला. काका म्हणाले, "हे उलटंच झालं की बापा! जिथून दिसते तिथून दिसत नाही, अन् जिथून दिसत नाही तिथून दिसते." पॉलिथिनची पातळ पन्नी, काळी असली तरी, या लहरी बऱ्याच सोडते, सेन्सरची घुमटीसुद्धा त्याच जातीच्या प्लॅस्टिकची असते. शाळेची पोरं दुकानात आली की मी त्यांना काच आणि काळी पन्नी हेच दोन तुकडे हातात देतो. इन्फ्रारेडबद्दल यापेक्षा चांगला प्रयोग मला अजून सापडलेला नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आमच्या भागात वाघ-बिबट्याचा वावर आहे, माणसं गेली आहेत, जनावरं गेली आहेत. बाजारात "जंगली जनावर आलं की दिवा लागेल" असं सांगून हे सेन्सर विकले जातात. दिवा लागेलही, पण वर सांगितलेल्या अटींवर. बिबट्या दबकत सरळ आला, किंवा तो आंधळा तास असला, तर उशिरा लागेल किंवा लागणारच नाही. गोठ्याला दार, भिंतीला उंची, अंगणात रात्रभर जळणारा एक साधा बल्ब, हे आधी. सेन्सर त्याच्या वर.

हाच पीआयआर मात्र जंगलात फार मोठं काम करतो आहे. ताडोबात झाडाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये तोच बसलेला असतो. वाघ आडवा गेला की सेन्सर कॅमेऱ्याला जागं करतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले, त्यांत वाघांचे ७६,६५१. कॅमेरा ट्रॅपने केलेली जगातली सर्वांत मोठी पाहणी म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. रानातल्या वाटेवर तापलेल्या शरीराचा फरक ओळखणाऱ्या एवढ्याशा डबीवर हे सगळं उभं आहे.

आता दुसऱ्या घराण्याकडे येतो, कारण लोक इथेच गल्लत करतात. टीव्हीचा रिमोट, सीसीटीव्हीचे रात्रीचे दिवे, आपोआप चालणारा नळ, कानाला लावल्यावर मोबाईलचा पडदा बंद करणारा सेन्सर, हे सगळे इन्फ्रारेडच, पण त्यांचा माणसाच्या उबेशी संबंध नाही. त्यांच्यात एक एलईडी ०.८५ किंवा ०.९४ मायक्रोमीटरचा प्रकाश स्वतः सोडतो आणि समोरचा रिसीव्हर तो पकडतो. हा प्रकाश लालच्या अगदी शेजारचा. तो काचेतून जातो, आरशावरून परततो, आपल्या डोळ्यांना तेवढा दिसत नाही.

या शेजारच्याच पट्ट्यात सगळ्याची सुरुवात झाली. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि कुठल्या रंगात किती उष्णता आहे ते पाहायला थर्मामीटर ठेवले. लालच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. १७८१ मध्ये युरेनस शोधणारे हेच हर्शेल. त्याआधी ते इंग्लंडच्या बाथ गावात ऑर्गन वाजवून पोट भरत. आमच्या नाटकात ऑर्गनवाल्याचा मान फार मोठा असतो, म्हणून ही गोष्ट मी आमच्या मंडळींना आवर्जून सांगतो.

रिमोट दुरुस्तीला आला की पहिलं काम म्हणजे मोबाईलचा कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरून बटण दाबणं. जांभळट ठिपका चमकला तर एलईडी जिवंत. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा, कारण मागच्यावर गाळणी बहुधा कडक असते. तो ठिपका एकसंध दिसला तरी सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकत असतो. ऊन, पिवळा बल्ब, चुलीचा जाळ, हे सगळे इन्फ्रारेड सोडतात. त्या गर्दीत रिसीव्हर फक्त या ठेक्याला कान देतो. त्या ठेक्याचेच लहान-मोठे तुकडे पाडून बटणाचा आकडा पाठवला जातो. एका फार चालणाऱ्या पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांची लांब हाक असते, मग ३२ खुणा. आकडा एकदा सरळ जातो आणि एकदा उलटा, म्हणजे वाटेत काही बिघडलं तर लगेच कळावं. १९५५ मध्ये यूजीन पॉली यांनी झेनिथ कंपनीसाठी बनवलेला टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट साध्या दिसणाऱ्या प्रकाशाचा होता आणि त्यात हा ठेका नव्हता. ऊन पडलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा.

हे ठेक्याचं प्रकरण शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माझ्या कामी आलं. २०१४च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही मान्य केला आणि गावोगावी पट पुन्हा भरू लागले. जोडीची वेळ मोजताना भांडणं होतात, म्हणून आम्ही दोन्ही टोकांना इन्फ्रारेडची रेघ बांधली. एका खांबावर एलईडी, समोरच्या खांबावर रिसीव्हर, रेघ तुटली की घड्याळ सुरू, दुसरी तुटली की बंद. रिमोटचा रिसीव्हर यासाठी वापरायचा तर एलईडी सतत चालू ठेवून भागत नाही. सतत येणाऱ्या ठेक्याला तो रिसीव्हर गोंधळ समजतो आणि दाबून टाकतो. थांबून थांबून, झटक्याझटक्याने सोडावा लागतो. रिसीव्हर काळ्या पाइपच्या तुकड्यात खोल बसवला की सकाळचं आडवं ऊनही त्रास देत नाही.

दवाखान्यातल्या उपयोगाबद्दल थोडक्यात. कोरोनात आशाताईंच्या हातात जे दोन यंत्रं होती, ती दोन्ही इन्फ्रारेडची. कपाळावर रोखायची बंदूक पीआयआरच्या घराण्यातली: ती कपाळातून येणारी ऊब मोजते, म्हणून उन्हातून आलेल्या माणसाला आधी सावलीत बसवणं भाग असतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रिमोटच्या घराण्यातला: तो बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं लाल जास्त शोषतं, त्यावरून टक्का निघतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात हा मार्ग शोधला. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे उन्हात राबणाऱ्या आपल्या लोकांनी आणि त्यांना तपासणाऱ्यांनी लक्षात ठेवलं पाहिजे. आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतो आहे, तर माणसावर विश्वास ठेवावा.

आता नाटकाकडे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा धानाचा पट्टा. वडसा हे नाटक कंपन्यांचं ठाणं. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव देशभर गेलं. आम्हाला मात्र ती कायमच मोठी होती.

लाईटवाल्याचं सगळ्यांत अवघड काम उजेड पाडणं हे नव्हे. अवघड आहे ते अंधार संपवणं. प्रवेश बदलताना पूर्ण काळोख करायचा, त्यात पलंग उचलला जातो, तुळशीवृंदावन येतं, कलाकार जागेवर उभे राहतात, आणि मग दिवा. अर्धा सेकंद आधी दिला तर पलंग उचलणारा पोरगा प्रेक्षकांना दिसतो. उशिरा दिला तर प्रेक्षक शिट्ट्या मारतात. पूर्वी विंगेतून कुणीतरी खोकायचं किंवा दोरी ओढायचं. आता मी मंचासमोरच्या खांबावर सीसीटीव्हीचा एक साधा कॅमेरा बांधतो आणि माझ्यापाशी लहान टीव्ही ठेवतो. दिवे विझले की कॅमेऱ्यात "टक" असा बारीक आवाज होतो. आतली इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकते, भोवतीचे एलईडी पेटतात आणि माझ्या टीव्हीवर काळोखातला मंच काळ्या-पांढऱ्या चित्रात लख्ख दिसतो. समोरच्या हजारो लोकांना काहीच दिसत नाही. ०.८५ मायक्रोमीटरचे एलईडी असतील तर थेट पाहणाऱ्याला मंद लाल ठिपके जाणवतात, म्हणून मी ०.९४चे वापरतो. त्यांत अंतर थोडं कमी मिळतं, पण ठिपका दिसत नाही.

या छोट्या टीव्हीवर मला जे दिसलं त्याने मी वेडावून गेलो. खलनायकाचा काळाकुट्ट टेरिकॉटचा कुडता पडद्यावर पांढराफेक! नायिकेची काळी साडी राखाडी, तिच्या डोक्यावरचा काळा टोप फिका. पण पोराच्या ओठावर काजळाने काढलेली मिशी मात्र काळीच्या काळी. कारण असं की कपड्याचा काळा रंग हा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापुरताच काळा असतो. लालच्या पलीकडे त्यातल्या बऱ्याच रंगांना काही शोषता येत नाही, आणि खालचा धागा प्रकाश परत फेकतो. काजळ म्हणजे दिव्याची काजळी, कार्बन. तो सगळंच गिळतो, दिसणारं आणि न दिसणारंही.

हे कळल्यावर मी एक युक्ती केली. मंचावरच्या काळ्या सिंथेटिक कापडावर कोळशाने उभं राहायच्या जागांच्या फुल्या मारल्या. काळ्यावर काळं, प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. माझ्या टीव्हीवर मात्र पांढऱ्या जमिनीवर काळी फुली. नायक फुलीवर पोचला की मी दिवा देतो. दर नाटकाआधी कापड बदललं तर आधी तपासून घ्यावं लागतं, कारण काही काळे रंग कॅमेऱ्यातही काळेच राहतात.

देवघरातला दिवा हात नेताच आपोआप उजळतो, हा प्रसंगही आम्ही रिमोटच्या घराण्यातल्या अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरने करतो. समयीच्या मागे लपवलेला, तळहात वीतभर जवळ आला की प्रकाश परततो आणि दिवा लागतो. मोठ्या शहरांतल्या कलावंतांनी याच्या फार पुढचं केलं आहे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळांसाठी आणलेला किनेक्ट हा कॅमेरा समोरच्या माणसावर इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी टाकून अंतर मोजायचा. नर्तकाच्या हालचालीप्रमाणे मागचं चित्र बदलावं म्हणून जगभरच्या कलाकारांनी तो उचलला. आमच्याकडेही एक दिवस हे येईल याची मला खात्री आहे, कारण झाडीपट्टीचा प्रेक्षक ट्रिकसीनवर जीव टाकतो.

त्याच टीव्हीवर मंडपामागची झाडंही दिसतात, आणि त्यांची पानं बर्फ पडल्यासारखी पांढरी. हिरवं पान लाल आणि निळा प्रकाश खातं, पण इन्फ्रारेड ते आतल्या पेशींच्या जाळीतून जवळजवळ अर्धा परत फेकतं. अमेरिकेच्या रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले: काळं आभाळ, पांढरी झाडं. त्यातून फोटोग्राफीची एक वेगळी शाखाच निघाली. दुसऱ्या महायुद्धात याच गुणावर कोडॅकने एक फिल्म बनवली, तिच्यात जिवंत झाडी लाल-गुलाबी यायची आणि हिरव्या रंगाने लपवलेलं सैन्याचं सामान उघडं पडायचं. पुढे रिचर्ड मोस या आयरिश कलावंताने तसल्याच फिल्मवर काँगोतलं युद्ध टिपलं आणि २०१३ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते गुलाबी जंगल मांडलं. ज्या हिंसेकडे जग पाहत नव्हतं ती न दिसणाऱ्या प्रकाशात दाखवायची, हा विचार मला फार भिडला.

शेतकऱ्याला यात काय, तर बरंच काही. धानावर करपा आला किंवा पाण्याचा ताण बसला की कधीकधी पान पिवळं पडायच्या आधीच त्याचं इन्फ्रारेड परत फेकणं उतरू लागतं. १७ मार्च १९८८ रोजी गेलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहापासून आपले उपग्रह हा पट्टा वरून मोजत आले आहेत. पिकाचे अंदाज, दुष्काळाच्या पाहण्या यावर चालतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी गेले काही महिने झपाटलेला आहे ती. युरोपात जुन्या चित्रांवर इन्फ्रारेड कॅमेरा लावून रंगाखालचा कोळशाचा कच्चा आराखडा पाहतात. रंग त्या लहरींना वाट देतात, कार्बनची रेघ देत नाही. काजळाच्या मिशीचंच तत्त्व. नेदरलँड्सच्या व्हान आस्पेरेन दे बुर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. पिकासोने १९०१ मध्ये रंगवलेल्या एका निळ्या खोलीच्या चित्राखाली बो टाय लावलेला, हातावर डोकं टेकलेला एक माणूस आहे, हे २०१४ मध्ये असंच जाहीर झालं. कॅनव्हास परवडत नव्हता म्हणून त्याने जुन्या चित्रावरच नवं रंगवलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमचे पडदे आठवले. कंपन्यांच्या गोदामात अजून हाताने रंगवलेले जुने पडदे गुंडाळून पडले आहेत: राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ. कापड महाग, म्हणून जुन्यावरच नवं रंगवायचे, हे जुने पेंटर सांगतात. मी एका जुन्या वेबकॅमची इन्फ्रारेड अडवणारी काच काढली आणि तिच्या जागी फोटो स्टुडिओतल्या धुतलेल्या रंगीत निगेटिव्हचे काळे तुकडे, एकावर एक दोन, बसवले. दिसणारा प्रकाश त्यातून जवळजवळ जात नाही, इन्फ्रारेड जातो. उजेडाला जुना १०० वॅटचा पिवळा बल्बच लागतो. एलईडी बल्बातून इन्फ्रारेड जवळपास निघतच नाही. ओळखीच्या एका मालकांच्या गोदामात राजवाड्याचा पडदा उलगडला आणि लॅपटॉपवर पाहिलं. महालाच्या लाल-पिवळ्या कमानी फिक्या पडल्या. उजव्या कोपऱ्यात, खांबाच्या खाली, कोळशाने काढलेलं एक वडाचं झाड आलं, पारंब्या अन् पारासकट. हात इतका सराईत की एका पारंबीलाही दुसऱ्यांदा रेघ नाही. मालकांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा आमच्या आजाच्या वक्तीचा रस्त्याचा पडदा असन."

त्या पेंटरचं नाव पडद्यावर कुठे नाही. बहुतेक पडद्यांवर नसतंच. पण कच्च्या आराखड्यात कुणी नाव, गाव, साल कोळशाने टाकून ठेवलं असेल तर ते रंगाखाली अजून असणार, आणि माझा कॅमेरा ते वाचू शकतो, निदान जिथे वरचा थर पातळ आहे तिथे. उंदीर, वाळवी आणि पावसाळा यांच्या आधी हे काम व्हायला हवं. तुमच्या गावात, मंडळाकडे किंवा कुणाच्या माळ्यावर असा हाताने रंगवलेला पडदा असेल तर तो धुऊ नका, त्याला नवा रंग देऊ नका, घडी घालून चुरगाळू नका. बांबूवर सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि मला इथे खाली कळवा. कॅमेरा, बल्ब आणि लॅपटॉप एका पिशवीत मावतात, मी येतो.